मनकर्णाबाईची पुडी

सोनईच्या बाजारपेठेत गहिनीनाथचं औषधांचं दुकान होतं. मोठा दुष्काळ पडायच्या आधीचं साल. विहिरींना अजून पाणी होतं, आणि गावाच्या अंगावर थोडी ताकद होती. दुकान लहानच होतं. समोर लाकडी फळ्या, आत काचेच्या बरण्या, एक दगडी खल, पितळी पारड्यांचा छोटा तराजू आणि कोपऱ्यात पुड्या बांधायच्या पांढऱ्या कागदांची चळत. गहिनीनाथ पुडी अशी बांधायचा, की ती पिशवीत उलटीपालटी झाली तरी कण सांडत नसे. गावातली माणसं गमतीनं म्हणायची, "गहिनीची पुडी सोडायला आदी गहिनीलाच बोलवायला लागतंय."

गावात कायमचा डॉक्टर नव्हता. बाजाराच्या दिवशी नगरहून डॉक्टर गुगळे यायचे, दिवसभर रोगी तपासायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जायचे. पुढचा बाजार येईपर्यंत गाव गहिनीनाथच्या भरवशावर. गुगळ्यांनी त्याला रक्ताचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र घ्यायला लावलं होतं आणि स्वतः शेजारी बसवून शिकवलंही होतं. "गोळी वाढवायची की कमी करायची ते मी ठरवीन," ते म्हणाले होते, "पण माणूस आठवडाभर घरी काय करतो, हे मला नगरात बसून कसं कळणार? ते तुम्ही बघा."

गहिनीनाथला हे काम आवडायचं. समजावून सांगायचा त्याला कंटाळा नव्हता. कुणी विचारलं, की दाब वाढतो म्हणजे काय होतं, तर तो म्हणायचा, "विहिरीवरच्या इंजिनाचा पाइप बघितलाय ना? आत पाणी जास्त झालं, पाइप आवळला, की सांध्यातून चिळकांडी उडते. तसंच हे. फक्त हा पाइप बदलून मिळत नाही."

त्या साली पौषात मनकर्णाबाई त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली, ती रडतच. सोबत सून भिमा होती. मनकर्णाबाईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. माणूस समोर आलं तर सावली आली एवढंच तिला कळायचं. राहुरीला डोळ्यांचं शिबिर होतं म्हणून मुलगा बन्सी तिला बैलगाडीत घालून घेऊन गेला होता. तिथं ऑपरेशनच्या आधी दाब मोजला आणि डॉक्टरांनी तिला रांगेतून बाजूला काढलं.

"काय म्हणाले?" गहिनीनाथनं विचारलं.

"म्हनले, एवढ्या दाबात डोळा उघडला तर आत रगत उतरंल. हाय ती सावली बी जाईल." भिमानं सांगितलं. "पाडव्यानंतर परत शिबिर हाय. तवर दाब उतरवून आना म्हनले. न्हाई उतरला तर मग एकदम फुडच्या वर्सी."

"फुडच्या वर्सी कोन बघितलंय रं गहिनी," मनकर्णाबाई म्हणाली. "भिमाला पोरगी झाली, दीड वर्साची हुईल आता. मांडीवर घेते, नाक चाचपते, कान चाचपते. तोंड कसं हाय, ठावं न्हाई मला. लोकं म्हनत्यात, आजीवर गेली. आजीला कवा दिसायची ती?"

गहिनीनाथनं यंत्र काढलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला. पारा वर वर चढत गेला आणि खाली यायला काही राजी होईना.

बाजारच्या दिवशी गुगळ्यांनी तिला तपासून गोळी लिहून दिली आणि मीठ अगदी कमी करायला सांगितलं. बाकीचं गहिनीनाथनं अंगावर घेतलं. तिला घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं, "मावशी, रोज सकाळी न चुकता काय करता?"

"शेळीची धार काढते. त्याला डोळं लागत न्हाईत."

"मग धार झाली की गोळी. शेळी विसरली तरच गोळी विसरायची."

"शेळी कशी विसरंल? वरडती की ती."

"म्हणूनच सांगतोय."

मिठाचंही त्यानं तसंच समजावलं. "पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं की नाही? मीठ पाणी ओढून धरतं. पोटात गेलं तरी त्याचा स्वभाव तोच. अंगात पाणी धरलं, की दाब वाढलाच. लोणचं बंद, खारी मिरची बंद, भाकरीच्या पिठात मीठ नको. कालवणात आपलं नावापुरतं."

मनकर्णाबाई पक्क्या निश्चयाची होती. त्या दिवसापासून तिच्या ताटात वेगळं कालवण पडू लागलं. भिमा म्हणायची, "आत्याबाई, हे असलं अळनी मला तर घशाखाली उतरत न्हाई." त्यावर सासू म्हणायची, "तुला नातीचं तोंड दिसतंय, म्हनून उतरत न्हाई."

माघात पारा उतरायला लागला. दर आठवड्याला ती पायरीवर येऊन बसे आणि पट्टा सुटायच्या आधीच विचारी, "किती रं?" गहिनीनाथ सांगे, "मागच्यापेक्षा खाली." ती हसे, आणि जाताना दुकानात बसलेल्या सगळ्यांना ऐकवून जाई, "खाली हाय म्हनतो!"

शिवरात्र झाली. आणि पारा परत वर.

पहिल्या आठवड्यात गहिनीनाथला वाटलं, चालून आली असेल. दुसऱ्या आठवड्यात आणखी वर. त्यानं भिमाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, गोळी माझ्या म्होरं घेत्यात. शेळीची शपथ. मीठ म्हनाल तर मी कालवनात आता टाकीतच न्हाई." मग त्यानं खुद्द मनकर्णाबाईलाच विचारलं, "मावशी, लपूनछपून लोणच्याची फोड वगैरे?"

ती अशी संतापली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. "मी खोटं बोलते व्हय रं? तुझी आई असती तर तुझ्या कानाखाली वाजिवली असती. जेवनात मिठाचा कन न्हाई माझ्या!"

बाजारच्या दिवशी गुगळ्यांनी गोळी थोडी वाढवली. त्यामुळं तिला उठताबसता भोवळ यायला लागली, पारा मात्र फारसा हलला नाही. डॉक्टर विचारात पडले. "आणखी वाढवली तर ही बाई चुलीपाशी पडेल," ते म्हणाले. "गोळी चांगली आहे, माघात तिनं काम केलं होतं. आता कुठंतरी काहीतरी आड येतंय. गहिनीनाथ, ते शोधा. शिबिराला फार दिवस राहिले नाहीत."

गहिनीनाथ शोधत राहिला. त्यानं तिचं पाणी कुठल्या विहिरीचं आहे ते विचारलं, कसली जडीबुटी घेते का विचारलं, चहा किती पिते ते विचारलं. सगळी उत्तरं सरळ होती. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं. खरं बोलणाऱ्या माणसापुढं काय करणार?

आणि मग एके दिवशी तो दुपारी जेवायला घरी गेला.

घरात त्या दिवशी उडदाचे पापड होते. ओटीवर गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या होत्या. त्याची बायको चांगुणा पाट्यावर पिठाचा गोळा तेल लावून कुटत होती. भिंतीशी, सगळ्यांत मानाच्या जागी, पाटावर मनकर्णाबाई बसली होती, शेजारी भिमा. गहिनीनाथला काही नवल वाटलं नाही. पापडाच्या दिवसांत मनकर्णाबाई अख्ख्या गावाला लागायची. डोळे होते तेव्हा तिच्यासारखा पातळ पापड कुणी लाटत नव्हतं. डोळे गेल्यावर लाटणं सुटलं. पण पिठात मीठ बरोबर पडलंय का, खार बरोबर पडलाय का, हे तिच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. पापडखार कमी झाला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर लालसर होतो आणि कडवट लागतो. वर्षभराची बेगमी, ती बिघडली तर कुणाला सांगणार? म्हणून तिनं चाखून 'हूं' म्हटल्याशिवाय कुणी लाटायला घेत नसे.

चांगुणानं दोऱ्यानं पिठाची एक लाटी कापली, तेलात बुडवून मनकर्णाबाईच्या हातात दिली. तिनं ती तोंडात घातली, सावकाश चघळली आणि गिळली.

"खार कमी हाय."

चांगुणानं खाराचं पाणी शिंपडून पुन्हा कुटलं, पुन्हा लाटी दिली. मनकर्णाबाईनं तीही खाल्ली. "आता मीठ वर आल्यासारखं वाटतंय. आजून एक दे बगू."

पाय धुवायला वाकलेला गहिनीनाथ तसाच थांबला. तांब्या त्याच्या हातातच राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "हे काय करताय?"

"कोन, गहिनी? काय म्हंजे? चाखतीय."

"पण गिळलं की तुम्ही!"

"मग काय थुकू? अन्न हाय ते!"

"अहो, हे मीठ नाही का? आणि खार म्हणजे मिठाचाच भाऊ. तोही अंगात पाणी धरतो."

"आरं, पन मी खाती कुटं?" मनकर्णाबाई खरोखरच गोंधळली होती. "हे चाखनं झालं. खानं वेगळं. जेवनात मिठाचा कन न्हाई, हे तुला शपतेवर सांगितलंय मी."

बायका हसायला लागल्या. पण गहिनीनाथला हसू आलं नाही. शिवरात्रीपासून गावात पापड सुरू झाले होते. सकाळी एक घर, दुपारी दुसरं. प्रत्येक घरी मीठ-खाराच्या लाट्या, आणि त्याही मनकर्णाबाईच्या मनासारखं होईपर्यंत. तिनं ताटातलं मीठ सोडलं होतं आणि गावभराचं मीठ पोटात घेतलं होतं. चूक तिची नव्हतीच. त्यानं 'काय खाता' असं विचारलं होतं, आणि तिनं जे खात होती ते सांगितलं होतं. चाखणं कुणी विचारलं होतं?

"मावशी, उद्यापासून चाखणं बंद करा," तो म्हणाला. "शिबिर जवळ आलंय."

मनकर्णाबाईनं हातातली लाटी चाचपडत परातीत ठेवली.

"डोळं गेलं, लाटनं गेलं," ती हळू म्हणाली. "एक जीब तेवढी ऱ्हायली हुती. तिच्यापायी चार घरं हाक मारत्यात. ती बी तुझ्या दुकानात ठेवून घे. बाटलीत घालून फळीवर ठेव."

"तसं नाही, मावशी..."

"ऱ्हाऊ दे. नुसती भिताडाला टेकून बसायला डोळं तरी कशाला पायजेल मला?"

ती उठली. भिमाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. चांगुणा नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आहो, खरं असलं म्हणून काय झालं? चारचौघींत बोलायचं असतं का? दुसरं कुनी एवढ्या मानानं बसतं का तिच्याशिवाय ओटीवर?"

गहिनीनाथनं गुपचूप जेवून घेतलं. घास काही गोड लागला नाही. बायकोचं म्हणणं बरोबर होतं. औषध बरोबर देऊन भागत नाही, ते रोग्याला घेता आलं पाहिजे. त्यानं मनकर्णाबाईला जे सांगितलं होतं ते कडू तर होतंच, पण घेता येण्यासारखंही नव्हतं.

दुपारी दुकानात एक बाई लहान मुलाच्या तापाचं औषध घ्यायला आली. गहिनीनाथनं खलात गोळ्या कुटल्या, चूर्ण तोललं, सारखे भाग केले आणि एकेक भाग कागदात बांधू लागला. बाई म्हणाली, "भाऊ, मला मेलीला माप कळत न्हाई, जास्त न्हाई ना जायाचं?"

"माप तुम्हाला कळायची गरज नाही," तो सवयीनं म्हणाला. "माप पुडीत आहे. एका वेळी एक पुडी."

असं म्हणताना त्याचा हात थांबला. त्यानं आपल्याच हातातल्या पुडीकडं बघितलं. मग तो हसायला लागला. ती बाई बिचारी पदर सावरून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ तराजू, मीठ, पापडखार आणि कागदांची चळत घेऊन मनकर्णाबाईच्या दारात गेला. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मावशी, मी आलोय."

"जिबीसाठी आला असशील. घे."

"जीभ नको. हात पाहिजे."

"हात कशापायी?"

"किलोभर उडदाच्या पिठाला मीठ किती घालता?"

"मूठभर."

"माझी मूठ की तुमची?"

ती जरा वळली. "तुझी मूठ हाय का ती? फावडं हाय. माझी."

"मग घालून दाखवा." त्यानं तराजूचं पारडं तिच्या हाताखाली धरलं. तिनं मिठाच्या पिशवीत हात घातला, मूठ भरली, अंगठा किंचित हलवून जास्तीचं झाडलं आणि पारड्यात सोडलं. गहिनीनाथनं तोललं. ते बाजूला ठेवून म्हणाला, "परत." तिनं परत घातलं. काटा पहिल्या जागेवर येऊन थांबला. पुन्हा घातलं, पुन्हा तसंच.

"काय म्हनतंय तुझं तागडं?" तिनं विचारलं. तोंड अजून फुगलेलं होतं, पण कान इकडं होते.

"म्हणतंय, मला दुकानातून काढा आणि मावशीला ठेवा."

भिमा पदरात तोंड घालून हसली. मनकर्णाबाईच्याही ओठाचा कोपरा हलला. मग खाराचं माप झालं. आता ती आपणहून बोलायला लागली. "आन् हे बग, जुना उडीद असला तर खार जरा चढता लागतो. नव्याला उतरता. दोनीला येकच पुडी बांदलीस तर बाया माझ्या नावानं बोटं मोडत्याल."

"मग दोन पुड्या. जुन्याला तांबडा दोरा, नव्याला पांढरा."

"आन् मिरी, हिंग ज्याचं त्यानं घालावं. त्यात माझा जीव न्हाई अडकला."

त्या दिवशी दुपारी चांगुणानं आपल्या ओटीवर किलोभर पीठ मुद्दाम घेतलं. पांढऱ्या दोऱ्याची पुडी सोडून पाण्यात विरघळवली, त्या पाण्यात पीठ मळलं, कुटलं. लाटी चाखली चांगुणानं आणि भिमानं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"काय गं? बोला की!" मनकर्णाबाई अधीर झाली.

"मावशी," चांगुणा म्हणाली, "तुमी चाखून 'हूं' म्हनल्यासारखंच लागतंय."

मनकर्णाबाईनं हात पुढं केला. तिला अडवायला गहिनीनाथ पुढं सरकला. पण तिनं लाटी तोंडात घातली नाही. दोन बोटांत धरून ओढली, तुटेपर्यंत ताणली आणि म्हणाली, "मीठ बराबर आसंल. कुटलंय मातर कमी. माझ्या म्होरं असला कामचुकारपना चालायचा न्हाई. आजून कुटा."

आठवड्यात सगळ्या गावात पुडीचं नाव झालं. 'मनकर्णाबाईची पुडी' असंच बायका म्हणायच्या. वाण्यानं स्वतःच्या पुड्या बांधून बघितल्या, पण बायका म्हणाल्या, ह्यात मावशीचा हात कुठंय? गहिनीनाथच्या दुकानात ताप-खोकल्याच्या औषधाशेजारी तांबड्या-पांढऱ्या दोऱ्यांच्या पुड्या ओळीनं बसल्या. आणि मनकर्णाबाईचा पाट काही हलला नाही. घरोघरी हाक येतच होती. आता ती पीठ ताणून कुटाई जोखायची, बायकांना रागवायची आणि वर चहा प्यायची.

पारा उतरायला लागला. पाडव्याला थोडा, रामनवमीला आणखी. शिबिराच्या आदल्या बाजारी गुगळ्यांनी स्वतः मोजला, पट्टा सोडला आणि गहिनीनाथकडं बघून विचारलं, "सापडलं वाटतं?"

"सापडलं. पापडात होतं."

सगळी हकिगत ऐकून डॉक्टर खूप हसले. मग म्हणाले, "आता मीही विचारीन रोग्यांना, खाता काय ते सोडा, चाखता काय ते सांगा." त्यांनी गोळी पुन्हा पहिल्याइतकी केली आणि शिबिराच्या डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी लिहून दिली.

राहुरीला तिला पुन्हा रांगेत बसवलं. दाब मोजला. या वेळी कुणी तिला बाजूला काढलं नाही.

डोळ्यावरची पट्टी निघाली, हिरवं फडकं आलं, तेही गेलं, आणि वैशाखाच्या शेवटी जाड भिंगांचा चष्मा आला. चष्मा लावल्यावर तिनं सगळ्यात आधी नातीला मांडीवर घेतलं. पोरगी एवढे मोठे डोळे बघून भोकाड पसरायला लागली. मनकर्णाबाई तिच्याकडं बघत राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "लोकं खोटं बोलत्यात. ही कुटं माझ्यावर गेलीय? ही तर सगळी भिमा हाय. रडती बी तशीच."

दुसरी गोष्ट तिनं केली ती म्हणजे पापडाचा डबा उघडला. एक पापड उजेडाला धरला. "भिमे, हे कोनी लाटलं? कडंला भाकरीएवढं जाड! दोन वर्सं झाली, मी हेच खाऊन चांगलं म्हनत हुते व्हय?"

"आत्याबाई," भिमा म्हणाली, "तुमचा मोतीबिंदू लई गुनाचा हुता बघा."

त्या आठवड्यात ती एकटीच, कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता, पेठेतून चालत आली. पायरीवर बसली आणि चष्म्यातून गहिनीनाथला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केस पिकलं की रं तुझं!"

"तुमचा दाब मोजून मोजून, मावशी."

त्यानं यंत्र काढलं, पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, हवा भरली. या वेळी तिनं 'किती रं?' असं विचारलं नाही. तिनं मान पुढं काढली आणि काचेच्या नळीत चमकणाऱ्या पाऱ्याकडं एकटक बघायला लागली. पारा वर गेला, मग हळूहळू उतरत आला. जिथं त्याला थरथर आली, तिथं तिनं काचेवर बोट ठेवलं.

"हितं?"

गहिनीनाथनं कानातून नळ्या काढल्या. "तिथंच. अगदी बरोबर."

"हे चांगलं हाय का?"

"चांगलं आहे."

"म्हंजे आता गोळी बंद!"

"नाही मावशी. गोळीमुळंच तो इथं थांबलाय. ती सोडली, की हा परत वर जाणार. आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. गोळी रोज, धार झाली की."

मनकर्णाबाईनं जरा विचार केला. बन्सीनं येत्या बाजारी शेळी विकायची ठरवली होती.

"मंग बन्सीला सांगते," ती चष्मा सारखा करत उठली, "शेळी विकायची न्हाई म्हनावं. ती औषदाची हाय."

आणि जाताना तिनं फळीवरच्या पुड्यांकडं वळून बघितलं. पहिल्यांदाच बघत होती ती त्या. तिनं एक पुडी उचलली, वळवून बघितली, दोरा जरा ओढून पाहिला आणि परत जागेवर ठेवली.

"बांदतोस चांगल्या," ती म्हणाली.